ड्राइव्ह उत्तर देत नाही

बसा. जरा जपून, खुर्ची अजून तापलेली आहे. हे टेक्सासमधलं आर्लिंग्टन स्टेडियम, साल १९८५. सूर्य कलला तरी उकाडा हटायचं नाव घेत नाही. इथे उन्हाळ्यातले बेसबॉलचे सामने रात्री ठेवतात ते उगाच नाही. खालून नाचोजचा वास येतोय: मक्याच्या कुरकुरीत तुकड्यांवर ओतलेलं गरम पिवळं चीज, वर हालापेन्यो मिरचीच्या चकत्या. विक्रेते ओरडतायत, ऑर्गन वाजतोय, आणि मैदानापलीकडच्या ॲल्युमिनियमच्या बाकांवर एकदम पाय आपटले की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही.

आज रात्रीपुरते तुम्ही बातमीदार आहात. पुढ्यात आहे टीआरएस-८० मॉडेल १००, आडव्या धरलेल्या वहीएवढा, मांडीवर सहज मावणारा कॉम्प्युटर. आठ ओळींचा पडदा, एका ओळीत ४० अक्षरं, आणि पेन्सिल सेल चार. पडद्याच्या मागे उजेड नसतो. उकाड्याने पडदा काळवंडलाय, तेव्हा बाजूची चकती अंगठ्याने फिरवा. हां, आता अक्षरं दिसली. बोटं कीबोर्डवर ठेवून बघा. बातमीदारांचा या यंत्रावर इतका जीव का, ते ओळभर टाइप केलंत की कळेल.

पण मेमरी भरत आलीय. मेन्यूच्या तळाशी किती बाइट उरल्या तो आकडा असतो, आणि प्रत्येक परिच्छेदागणिक तो घटतोय. दुपारच्या दोन बातम्या डिस्कवर टाकल्याशिवाय रात्रीची बातमी मावायची नाही. म्हणून तर पिशवीत टँडी कंपनीचा पोर्टेबल डिस्क ड्राइव्ह आहे. त्याच्या साडेतीन इंची डिस्कवर १०० किलोबाइट मावतात. खिशातून डिस्क काढा, आत सरकवा, खटका ऐका. आता सेव्ह करा.

काहीच नाही. मोटरचा आवाज नाही. पडद्यावर चूक झाल्याचा संदेश तेवढा आला.

घाबरू नका. इथला प्रत्येक दुवा हाताला लागतो, म्हणून तर मला हा काळ आवडतो. तुमच्या काळातून आलेल्या माणसाला आधी आतल्या रबरी पट्ट्याचा संशय येईल, कारण चाळीस वर्षांनी हे पट्टे सैल नाहीतर चिकट झालेले सापडतात. इथे तो नवा कोरा आहे. तो सोडा.

आधी सेल. ड्राइव्हचे सेल वेगळे, कॉम्प्युटरचे वेगळे, आणि मोटर फिरवायला ताकद लागते. ड्राइव्हच्या पोटातले जुने काढा, नवे घाला. घामाने बोटं निसटतायत, स्प्रिंग उलटी ढकलतेय, दम धरा. पुन्हा सेव्ह करा. पुन्हा तोच संदेश.

मग केबल. कॉम्प्युटरच्या मागे हात घाला आणि न बघता चाचपा. प्रिंटरचा, फोनचा आणि कॅसेटचा पोर्ट शेजारीशेजारी आहेत. तुम्हाला हवाय तो २५ पिनांचा रुंद आरएस-२३२. प्लग एका अंगाने किंचित वर आलाय का? आलाय. सरळ दाबा, दोन्ही बाजूंचे स्क्रू पिळून घट्ट करा. शेजारचा बातमीदार कोपर आवरून तुम्हाला जागा करून देतो. कागदी पेल्यातला बर्फ केव्हाच वितळलाय. पुन्हा सेव्ह. तरीही ड्राइव्ह गप्पच.

आता जरा आठवा. काल रात्री मेमरी कोरी झाली होती. ड्राइव्हशी बोलणारा ‘फ्लॉपी’ नावाचा प्रोग्राम मेमरीतच राहतो, त्यामुळे तोही पुसला गेला. तो परत चढवायला तुम्ही पुस्तिका समोर ठेवून बेसिक भाषेतल्या ओळी टाइप केल्यात, आणि त्याआधी ड्राइव्हच्या बुडाचे चिमुकले स्विच सरकवलेत. हो ना?

ड्राइव्ह उलटा करा. खाली वाकून बघा, तिथे उजेड कमी आहे. स्विच अजून कालच्याच जागी आहेत! बिचारा ड्राइव्ह अजून स्वतःची ओळख करून द्यायच्या पवित्र्यात बसलाय. फाइल ठेव म्हटलेलं त्याला समजणार तरी कसं? पेन्सिलीच्या टोकाने एकेक स्विच परत मूळ जागी सरकवा. नख पुरत नाही, पेन्सिलच बरी. ड्राइव्ह बंद करून पुन्हा चालू करा.

सेव्ह.

गुंsss. टक. टक. टक. टेबलावर तळहात ठेवा, थरथर जाणवेल. केबलमधून सेकंदाला १९,२०० बिटच्या वेगाने तुमची बातमी डिस्कवर चाललीय. पहिली बातमी गेली, आता दुसरी. मग डिरेक्टरीत दोन्ही नावं नीट वाचा, आणि त्यानंतरच बेसिकमध्ये जाऊन किल आदेशाने मेमरीतल्या फाइली पुसा. हा क्रम कधीही मोडू नका, कितीही घाई असली तरी.

मेन्यूवर या. तळाचा आकडा चांगला वाढलाय. केबल आता पिशवीत टाका; सामना संपला की फोनची वायर लावायचीय. मोडेम यंत्रातच आहे, पण तो जेमतेम सेकंदाला ३० अक्षरं पाठवतो. म्हणजे बातमी जितकी आटोपशीर लिहाल, तितका फोन लवकर मोकळा होईल, आणि त्या फोनसाठी मागे रांग लागणारच आहे.

सातवी इनिंग सुरू झाली. बॅटवर चेंडू कडाडला, सगळं स्टेडियम उभं राहिलं, तुमच्या पुढच्याने तर दोन्ही हात वर करून मैदानच झाकलंय. त्याच्या हाताखालून वाकून बघा चेंडू कुठे पडतोय, आणि टाइप करायला लागा.