पोरगं जेवलं का? शंभर वर्षांचा प्रश्न

सकाळी नऊ वाजता नंदनवनात केडीके कॉलेजच्या रस्त्यानं एक चक्कर मारा. पाठीवर बॅग, हातात तर्री-पोह्याची प्लेट. दुपारी समोसा, रात्री साडेदहाला मोबाईलवरून मागवलेलं काहीतरी. आपण म्हणतो, "आजकालची पोरं काहीही खातात, म्हणून फुगतात." थांबा भाऊ, जरा मागं जाऊन बघू.

शंभर वर्षांपूर्वी गरीब विद्यार्थी 'वार लावून' जेवायचा. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. कोणी माधुकरी मागायचा. पण ही सोय बहुतेक ब्राह्मण पोरांचीच. बाकीच्यांना वाढणार कोण? म्हणून १९०१ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात मराठा बोर्डिंग काढलं, पुढे इतर समाजांचीही वसतिगृहं उभी केली. १९२४ मध्ये साताऱ्यात भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत बसवली. आपल्या विदर्भात पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय उघडलं. शिकवायचं तर आधी जेवू घाला, हे या लोकांनी ओळखलं होतं.

१९८३ मध्ये राज्यानं खासगी इंजिनीअरिंग कॉलेजांना दार उघडलं. १९८४ मध्ये केडीके आलं. चंद्रपूर, गडचिरोली, भंडाऱ्याची पोरं आली. वसतिगृहं पुरली नाहीत, मग घरोघरी खोल्या भाड्यानं गेल्या, बायांनी मेस चालवल्या. माझी पत्रकारितेची पदविका अशाच एका मेसच्या वरण-भातावर झाली. चवीबद्दल बोलायला नको, पण एक दिवस गेलो नाही तर मेसवाल्या काकू विचारायच्या, "काल जेवलास कुठं रे?"

आता सरकारही ताटाऐवजी पैसे देते. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. तिच्यात नागपूरसारख्या शहरात जेवणाचे वर्षाला ३२,००० रुपये ठरले. दहा महिने धरले तर दिवसाला १०७ रुपये. २०१८ मध्ये आदिवासी वसतिगृहांतली मेस बंद करून पैसे खात्यात टाकायचं ठरलं, तेव्हा पोरं पुण्याहून नाशिकला पायी निघाली. त्यांना पैसे नको होते, मेस हवी होती. कारण साधं आहे. खात्यातला पैसा आधी खोलीभाड्यात, झेरॉक्समध्ये जातो. पोटाचा नंबर शेवटी.

याचा परिणाम वजनावर दिसतो, आणि दोन्ही बाजूंनी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या २०.८ टक्के बाया प्रमाणापेक्षा बारीक आणि २३.४ टक्के जाड निघाल्या. मैदा, तेल, साखर स्वस्तात पोट भरतात. डाळ, पालेभाजी, अंडं महाग पडतं. त्याच रस्त्यावर खाऊन एक पोरगी वाळते, दुसरी फुगते.

यूजीसीनं २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये पत्र काढलं की कॉलेजात जंक फूड नको. ठीक. पण समोसा काढून त्याच किमतीत वरण-भात ठेवणारं कॅन्टीन तुम्ही किती पाहिलेत? २०२० मध्ये राज्यानं दहा रुपयांत शिवभोजन थाळी सुरू करून दाखवली होती. तशी थाळी कॉलेजच्या गेटजवळ का नको?

पुढच्या वेळी मत मागायला कोणी दारात आला, की रस्ता-नालीसोबत हेही विचारा. आणि तुमच्या घरी भाडेकरू पोरं असतील तर आज त्यांना विचारा, जेवलास का बाबू? काय उत्तर आलं ते खाली लिहा.