अन्नावरची वासना : एका व्याधीचा इतिहास

'अन्नावरची वासना उडाली' असे कानी आले, की आपल्याकडील वडीलधारी माणसे ताप, कावीळ किंवा मनाला लागलेला एखादा घोर यांतच कारण शोधू लागतात. परंतु ताप-कावीळ काही नसता, भूक मारून स्वतःच्याच देहाशी वैर धरणारी मुले युरोपातील वैद्यांना तीनशे वर्षांपूर्वी भेटली होती. त्या नोंदी चाळताना असे ध्यानी येते, की आरंभी वैद्यकाला जे दिसले होते, तेच पुढे दीर्घकाळ त्याच्या नजरेआड झाले.

लंडनचे वैद्य रिचर्ड मॉर्टन यांनी १६८९ साली क्षयावर लॅटिन ग्रंथ लिहिला. ज्वर-खोकल्यावाचून केवळ मनःक्षोभाने झिजणारे दोन रुग्ण त्यात आहेत. एक अठराव्या वर्षातील मुलगी. औषधांना कंटाळून तिने ती सोडली आणि अखेर ती दगावली. दुसरा एका धर्मोपदेशकाचा सोळा वर्षांचा मुलगा. अभ्यास सोडून मोकळ्या हवेत राहण्याच्या सल्ल्याने तो बराच सुधारला. म्हणजे पहिल्याच नोंदीत मुलगी आहे, तसा मुलगाही आहे.

१८७३ साली पॅरिसचे शार्ल लासेग आणि लंडनचे सर विल्यम गल यांनी स्वतंत्रपणे या व्याधीचे वर्णन केले. लासेग यांनी तिला 'हिस्टेरिया'शी जोडले. या शब्दाचे मूळ 'गर्भाशय' या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. गल यांनी मात्र ही व्याधी पुरुषांनाही होते म्हणून 'नर्व्होसा' हे व्यापक विशेषण पसंत केले, आणि 'अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव रूढ झाले. नाव व्यापक झाले, पण चित्र संकुचितच राहिले. सुस्थितीतील घरची किशोरवयीन मुलगी म्हणजेच रुग्ण, अशी समजूत दृढ झाली. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८७ साली स्त्रियांच्या निदानासाठी सलग तीन पाळ्या चुकण्याची अट घातली. ती निघाली २०१३ साली.

या चौकटीत जी मुले बसत नव्हती, त्यांत पारलिंगी मुले प्रामुख्याने होती. मुलगी म्हणून वाढवले गेलेले, पण अंतर्यामी आपण मुलगा आहोत हे जाणणारे एखादे मूल छाती-नितंबांची गोलाई दिसू नये, पाळी थांबावी म्हणून उपाशी राहते. वैद्याच्या लेखी पाळी थांबणे हे लक्षण. त्या मुलाच्या लेखी ती सुटका. मुलगा म्हणून वाढलेली, पण स्वतःला मुलगी जाणणारी एखादी पुरुषी बांधा टाळण्यासाठी अंग रोडावते. 'लठ्ठपणाची भीती का वाटते?' हा नेहमीचा प्रश्न या दुःखापर्यंत पोहोचत नाही. सर्वांचे कारण हेच असते असे नव्हे. कुचेष्टा आणि एकाकीपण यांचाही त्यात वाटा असतो.

हे प्रमाण किती, याचा अंदाज २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासातून येतो. २२३ विद्यापीठांतील २,८९,०२४ विद्यार्थ्यांची माहिती त्यात होती. मागील वर्षात आहारविकाराचे निदान झाल्याचे सांगणारे पारलिंगी विद्यार्थ्यांत सुमारे सोळा टक्के होते. पारलिंगी नसलेल्या, पुरुषांकडे कल असणाऱ्या मुलींत हे प्रमाण दोन टक्क्यांहून कमी होते. येथे विवेक राखला पाहिजे. पारलिंगी असणे हा रोग नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या रोगसूचीत त्यास मनोविकारांच्या प्रकरणातून वगळले. रोग आहे तो उपासमारीचा.

गल यांचे मत असे, की अशा रुग्णाच्या शुश्रूषेस आप्तेष्ट सर्वांत अपात्र. शतकानंतर लंडनच्याच मॉड्स्ली रुग्णालयातील तज्ज्ञांनी उलट वाट धरली आणि मुलाला पुन्हा जेवते करण्याचे काम आईवडिलांच्या हाती दिले. कॅनडातील ९२३ पारलिंगी तरुणांच्या पाहणीवरून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हेच सूत्र सापडते : छळ अधिक तेथे हे विकार अधिक, घरचा जिव्हाळा, शाळेचा आधार आणि मित्रांची माया असेल तेथे कमी.

आपल्या घरांत चतुर्थी-एकादशीच्या उपासाला प्रतिष्ठा आहे. त्यामुळे ताट नाकारणारे मूल पुष्कळदा संयमी ठरते आणि त्याची झीज उशिरा उमगते. 'जेव' हा आग्रह आपल्याला वारशाने लाभला आहे. मॉर्टनपासूनचा हा इतिहास सांगतो, की त्या आग्रहाआधी मुलाचे म्हणणे ऐकून घेतले नाही, तर ताट वाढलेलेच राहते.