पानिपतचे अब्बास आणि त्यांचे मित्र साठे

मराठी बोलण्यात पानिपत हे गाव राहिलेलेच नाही. 14 जानेवारी 1761 पासून ती एक क्रिया झाली आहे. परीक्षेत, निवडणुकीत, व्यापारात माणसाचे 'पानिपत होते'. त्या गावातही माणसे राहतात, मुले शाळेत जातात आणि पुढे त्यांतील एखादा बोलपट लिहितो, हे ध्यानात घ्यावयास आपल्याला थोडे सायास पडतात.

ख्वाजा अहमद अब्बास यांचा जन्म पानिपतला 7 जून 1914 रोजी झाला. घराणे अल्ताफ हुसेन हालींचे. हालींनी 1893 साली 'मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी' लिहून उर्दू समीक्षेचा पाया घातला होता. चिकित्सेची ती घरची सवय अब्बासांनी मुंबईस आणली. मात्र ती कवितेला न लावता बोलपटाला लावली. अलीगढचे शिक्षण आटोपून 1935 साली ते 'बॉम्बे क्रॉनिकल' पत्रात आले आणि चित्रपटांवर लिहू लागले. सुशिक्षितांनी बोलपट पाहावा, पण त्याविषयी गंभीरपणे बोलू नये, असा तो काळ. खुद्द गांधीजींनी सिनेमाला जुगार, सट्टा आणि घोड्यांच्या शर्यती यांच्या पंक्तीस बसविले, तेव्हा अब्बासांनी 1939 च्या ऑक्टोबरात बाबूराव पटेलांच्या 'फिल्मइंडिया' मासिकातून त्यांना खुले पत्र लिहिले. बाबूरावांची लेखणी तिखट, कित्येकदा अन्यायीही. परंतु या वादाला त्यांनी जागा दिली, हे श्रेय त्यांचेच.

अब्बासांना मुंबईत व्ही. पी. साठे हे मराठी मित्र आणि सहलेखक लाभले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1942 साली चीनमध्ये निवर्तले. त्यांच्यावर अब्बासांनी पुस्तक लिहिले, आणि त्यावरून या दोघांनी रचलेल्या पटकथेवर शांतारामबापूंनी 1946 साली 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' काढला. पुढच्याच वर्षी फाळणी झाली. अब्बासांच्या आईला आणि आप्तांना पानिपत सोडावे लागले. माणूस कोणाच्या पोटी जन्मला एवढ्यावरून त्याचे जगणे-मरणे ठरत होते.

चार वर्षांनी, 1951 साली, 'आवारा' आला. त्याची कथा अब्बासांची, पटकथा अब्बास-साठे यांची. चोराचा मुलगा चोरच होणार, असे मानणारा न्यायाधीश आणि चोरांत वाढलेला त्याचाच मुलगा, एवढेच तिचे सूत्र. त्यामागे 1947 चे पानिपत होते असे अब्बासांच्या नावावर कोणी सांगू नये. पण कथेतला प्रश्न तोच आहे, हे नाकारता येत नाही. कथा आधी मेहबूब खानांकडे गेली होती. पितापुत्रांच्या भूमिका खऱ्याच पितापुत्रांनी कराव्यात हा अब्बासांचा आग्रह त्यांना मानवला नाही, आणि ती राज कपूरकडे गेली. न्यायाधीश झाले पृथ्वीराज.

भरतमुनींनी हास्य शृंगारातून आणि भयानक बीभत्सातून उपजतो असे सांगितले. या दोघा मित्रांनी मात्र हास्य आणि भय एकाच पात्राच्या अंगी घातले. आखूड विजारीत चालणारा, चॅप्लिनची आठवण करून देणारा राजू प्रेक्षकांना हसवतो. आणि मग स्वप्नाचा तो सुमारे नऊ मिनिटांचा प्रवेश येतो. धूर, ज्वाळा, प्रचंड मूर्ती आणि नरकातून वर येण्यासाठी आक्रोश करणारा तोच राजू! हा देखावा उभा करणारे कलादिग्दर्शक मु. रा. आचरेकर, नृत्यरचना सिमकी यांची. पुढे कितीतरी भूतपट निघाले, रंगीत निघाले, रक्ताने भिजलेले निघाले. परंतु ज्याला नुकतेच हसलो त्याच्याचसाठी भ्यावे लागते, असा प्रसंग त्यांत क्वचितच सापडतो. 1954 साली हे चित्र सोव्हिएत देशात गेले आणि तेथे कोट्यवधी लोकांनी ते पाहिले.

'श्री 420' (1955) मध्ये भीती पडद्यावर दिसत नाही. चौपाटीवर एकीकडे शेठ सोनाचंद धर्मानंद देशभक्तीचे भाषण करतो, तर दुसरीकडे राजू दंतमंजन विकतो. गर्दी दोघांकडेही सारख्याच श्रद्धेने पाहते. येथे हसू येते खरे, पण लबाडी आणि पुढारीपण यांतले अंतर इतके थोडे असावे, याची धास्तीही वाटते. ललिता पवारांची केळेवाली गंगामाई या शहरात शहाणी राहते. ती नसती तर चित्र फारच कडू झाले असते.

अब्बासांनीच लिहिलेले 'मेरा नाम जोकर' 1970 साली आले. चार तासांहून लांब, दोन मध्यंतरांचे. त्यात आईच्या मृत्यूनंतरही विदूषक खेळ थांबवीत नाही. लोकांनी ते चित्र नाकारले आणि राज कपूर कर्जात बुडाले. मराठीत ज्याला पानिपत म्हणतात, तेच हे. 1973 साली याच दोघा मित्रांच्या पटकथेवरील 'बॉबी'ने त्यांना सावरले. 'जोकर'चे भाग्य मात्र नंतर उघडले. ज्यांच्या वडिलांनी तो पाहण्याचे टाळले, ते तरुण रात्र रात्र बसून त्यावर वाद घालू लागले. अब्बासांचे 'लास्ट पेज' हे सदर 1947 साली 'क्रॉनिकल'मधून 'ब्लिट्झ'मध्ये गेले होते, आणि 1 जून 1987 रोजी मुंबईत त्यांचे निधन होईपर्यंत ते चालूच होते.