कर्मवीरांचा वारसा आणि प्राध्यापकांचे प्रशिक्षण

वाशीच्या कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालयाचे नाव नवी मुंबईत आबालवृद्धांना परिचित आहे. १९७० साली सिडकोची स्थापना होऊन खाडीपलीकडे नवे शहर आकार घेऊ लागले आणि १९७९ मध्ये रयत शिक्षण संस्थेने येथे ही ज्ञानगंगा आणली. परंतु ज्या महापुरुषाचे नाव हे महाविद्यालय धारण करते, त्यांनी हाताळलेला एक प्रश्न आजही सुटलेला नाही. कामातून शिकवायचे, तर शिकवणाऱ्याला तयार कोणी करायचे?

२२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेले भाऊराव पदवीधर नव्हते. ओगल्यांची काच आणि किर्लोस्करांचे नांगर यांच्या व्यवसायात त्यांनी उमेदीची वर्षे घालविली. शिक्षणात श्रमाला मान देण्याची दृष्टी त्यांना बहुधा तेथेच लाभली असावी. १९१९ मध्ये काले येथे संस्था स्थापन झाली. १९२४ मध्ये साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहून स्वतःच्या हातांनी कामे करू लागली. अशा मुलांना शिकवायला तशाच घडणीचा शिक्षक हवा, हे ओळखून १९३५ मध्ये साताऱ्यात अध्यापक प्रशिक्षण विद्यालय निघाले. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले आणि 'कमवा व शिका' हे तत्त्व महाविद्यालयीन पातळीवर पोहोचले.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे नमूद केली पाहिजे. या योजनेने हजारो गरीब विद्यार्थ्यांची फी भागविली. पण शेतावरचे काम आणि वर्गातला अभ्यासक्रम पुष्कळदा निरनिराळेच राहिले. वर्ध्याच्या १९३७ च्या परिषदेतून पुढे आलेली गांधीजींची नयी तालीमही मुख्यतः शालेय शिक्षणापुरतीच राहिली. विद्यापीठांतील अध्यापकांसाठी १९८७ पासून अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे आली खरी, तथापि उजळणी वर्गांत व्याख्यानांचाच भरणा अधिक असे.

खाडी ओलांडताच मानखुर्दला १९७४ साली स्थापन झालेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तेथील कार्यशाळांत महाविद्यालयीन अध्यापक स्वतः प्रयोग करतात. आयती कृती हाती देण्याऐवजी प्रयोग हा एक कूटप्रश्न म्हणून कसा मांडावा, हे त्यांना तेथे करून पाहता येते.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून क्षेत्रप्रकल्प व कार्यप्रशिक्षण अभ्यासक्रमात समाविष्ट झाले आहे. ४ श्रेयांकांचे कार्यप्रशिक्षण म्हणजे १२० तास. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला वाशीच्या घाऊक बाजारातील एखाद्या पेढीवर नुसते बसवून हे तास भरत नाहीत. मालाची आवक, प्रतवारी, उधारी, वसुली यांतील कोणते काम त्याने कोणत्या आठवड्यात करावे, नोंदी कशा ठेवाव्यात आणि गुण कशाला द्यावेत, हे प्राध्यापकाला आधी ठरवावे लागते. त्यासाठी विद्यार्थ्यापूर्वी त्याने स्वतः काही दिवस त्या पेढीवर काढलेले असावेत, आणि पेढीवरील अनुभवी मुनीम किंवा मालकानेही आराखडा करताना शेजारी बसावे. आपल्यापैकी कित्येकांच्या पेढ्या याच बाजारात आहेत.