पिवळं पान, सावली आणि चित्रकारांसाठी केलेलं गणित

मुरुड म्हणजे इथे समुद्राकाठचं नव्हे, आपलं लातूरचं. खरिपात चहूकडे सोयाबीन. त्यात पिवळा मोझॅक आला की रोगट झाडं लवकर उपटावी लागतात; नाहीतर पांढरी माशी रोग पुढे नेते. मोबाइलच्या फोटोवरून अशी झाडं कॉम्प्युटरला शोधायला लावायची, तर पहिला प्रश्न येतो: रंग कोणत्या आकड्यांत लिहायचा?

फोटोत रंग लाल-हिरवा-निळा (आरजीबी) असा असतो. समजा, उन्हातलं पिवळं पान (२००, १८०, ४०). तेच सावलीत, सोयीसाठी बरोबर निम्मं, (१००, ९०, २०). आणि उन्हातलं निरोगी पान (९०, १५०, ४०). आता अंतर मोजा. पिवळ्यापासून हिरवं ११४ वर, आणि तेच पिवळं सावलीत गेलं की १३६ वर! म्हणजे या हिशेबात रोगट पानाला स्वतःच्या सावलीपेक्षा निरोगी पान जवळचं.

यात आरजीबीचा दोष नाही. १८६१ मध्ये मॅक्सवेलने तीन फिल्टरमधून रंगीत चित्र उभं करून दाखवलं, ते रंग 'दाखवण्यासाठी'. पानं ओळखणं कुणाच्या डोक्यातच नव्हतं. १९५३ च्या अमेरिकन रंगीत टीव्हीने उजेड आणि रंग वेगळे पाठवले, कारण घरोघरच्या कृष्णधवल संचांवरही चित्र दिसायला हवं होतं. मग १९७८ मध्ये अॅल्वी रे स्मिथने एचएसव्ही मांडलं: रंगछटा, गडदपणा, उजळपणा. डोळ्यांसमोर होते स्क्रीनवर चित्रं काढणारे कलाकार. पण शेताला उपयोगी पडलं ते हेच. आपल्या दोन्ही पिवळ्या पानांची छटा ५२.५ अंश, हिरव्याची साधारण ९३. (खऱ्या सावलीत आकाशाची निळी झाक मिसळते, त्यामुळे आकडा थोडा सरकतो.)

लगेच खूश होऊ नका, आपली काळी माती आडवी येते. (४२, ४०, ४१) या ठिपक्याची छटा ३३० अंश; शेजारचा (४१, ४२, ४०) थेट ९० वर, म्हणजे हिरव्या पानाच्या पंक्तीला! डोळ्याला दोन्ही काळेच. जिथे रंगच जेमतेम, तिथे छटा विचारण्यात अर्थ नाही. म्हणून आधी हिरव्याची दुप्पट करून त्यातून लाल आणि निळा वजा करायचा. वरच्या तिन्ही पानांचं उत्तर ६० किंवा जास्त येतं, मातीचं शून्याच्या आसपास. माती बाजूला काढा, मगच छटा मोजा.

आणि फोटो शक्यतो मूळ फाइलच मागा. जेपेगमध्ये जागा वाचवायला बहुतेक वेळा उजेड नीट जपतात, रंगाचा तपशील कमी करतात. मोझॅकचे सुरुवातीचे बारीक पिवळे ठिपके नेमके तिथेच पुसट होतात.