पिण्याच्या पाण्याचे नियमन, नागपूर
नागपूर शहराचे नळाचे पाणी पिण्यायोग्य राहावे म्हणून लागू असलेले कायदे, मानके व तपासणीची पद्धत. यासाठी स्वतंत्र असा एक कायदा नाही. जबाबदारी अनेक कायद्यांत विभागलेली आहे.

स्रोत : पूर्वी अंबाझरी व गोरेवाडा तलाव; आता मुख्यतः पेंच प्रकल्प व कन्हान नदी.

कायदे : पाणीपुरवठा हे महानगरपालिकेचे कायद्याने बंधनकारक कर्तव्य आहे. नदी-तलावांचे संरक्षण 1974 च्या जलप्रदूषण कायद्याखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे येते. सार्वजनिक झऱ्याचे वा जलाशयाचे पाणी जाणूनबुजून घाण करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम 279 नुसार गुन्हा ठरते. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये सुभाष कुमार खटल्यात प्रदूषणमुक्त पाण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद 21 मध्ये अंतर्भूत मानला.

मानक : भारतीय मानक 10500 (सुधारित 2012) नुसार 100 मिलि. नमुन्यात ई. कोलाय जंतू आढळता कामा नये. नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिग्रॅ., तर फ्लोराइडची 1 मिग्रॅ. (पर्यायी स्रोत नसल्यास 1.5) आहे. मात्र नळपाणी योजनांना या मानकाचे प्रमाणन सक्तीचे नाही. नियमनातील ही सर्वांत मोठी उणीव होय.

उर्वरित क्लोरीन : जलशुद्धीकरण केंद्रात शुद्ध झालेले पाणी वाटेत पुन्हा दूषित होऊ शकते. पुरवठा बंद असताना जलवाहिनीतील दाब उतरतो आणि गळतीच्या जागेतून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. म्हणून ग्राहकाच्या नळाला लिटरमागे किमान 0.2 मिग्रॅ. मुक्त क्लोरीन उरावे, विषाणूंपासून संरक्षण हवे असल्यास 0.5, असे मानक सांगते. तपासणीची रूढ रीत म्हणजे ‘ओटी टेस्ट’ : परीक्षानळीतील पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकतात, क्लोरीन असल्यास पाणी पिवळे होते व ती छटा रंगपट्टीशी जुळवून प्रमाण वाचतात. जलकुंभाजवळचा नमुना येथे पुरेसा नाही. वस्तीतल्या शेवटच्या टोकाच्या नळाचे पाणी तपासले, तरच संपूर्ण वाहिनीची परीक्षा होते. या तपासणीच्या नोंदी नागरिकांना पाहता आल्या पाहिजेत.

संशोधन : 1958 मध्ये नागपुरात स्थापन झालेली केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था 1974 पासून ‘नीरी’ नावाने ओळखली जाते.

चोवीस तास पुरवठा : 2012 पासून ऑरेंज सिटी वॉटर कंपनीकडे 25 वर्षांच्या कराराने शहराचे वितरण आहे. अखंड दाब राहिल्यास बाहेरचे पाणी वाहिनीत शिरत नाही, हा चोवीस तास पुरवठ्याचा आरोग्यदृष्ट्या मुख्य लाभ. कराराच्या फलिताविषयी मतभेद आहेत.

ग्रामीण भाग : ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग) पावडरने पाणी निर्जंतुक करतो, सर्वेक्षणातील जोखमीनुसार गावाला हिरवे, पिवळे वा लाल कार्ड मिळते.