बंद शाळा आणि घरातील वर्ग : शिकागो (१९३७) ते महाराष्ट्र (२०२०-२२)

प्रस्तावना

शाळा ही संस्था मुलांना एका ठिकाणी एकत्र आणण्यावर उभी आहे. साथीचा रोग नेमका त्या एकत्र येण्यावर आघात करतो. त्यामुळे साथ आली की शाळेचे दार प्रथम बंद होते आणि बहुधा सर्वांत शेवटी उघडते. दार बंद असताना शिक्षण चालू ठेवायचे कसे, हा प्रश्न २०२० मध्ये प्रथमच उपस्थित झाला, असा समज त्या काळात पसरला होता. वस्तुस्थिती तशी नाही. त्यापूर्वी ८३ वर्षे अमेरिकेतील शिकागो शहराने तीन लाखांहून अधिक मुलांना घरबसल्या शिकविण्याचा प्रयोग केला होता. प्रस्तुत लेखात शिकागोचा हा प्रयोग आणि २०२० ते २०२२ या काळातील महाराष्ट्राचा अनुभव यांचा एकत्रित मागोवा घेतला आहे. दोन्ही ठिकाणी पाठ घरापर्यंत नेण्याचे साधन मिळाले. मुलाची शंका आणि त्याची वही शिक्षकापर्यंत परत आणण्याचा मार्ग मात्र प्रत्येक वेळी वेगळा बांधावा लागला. घरच्या शिक्षणाचे यशापयश साधनापेक्षा या परतीच्या मार्गावर अधिक अवलंबून राहिले, असे या दोन्ही अनुभवांवरून दिसते.

एक जुना कायदा

महाराष्ट्रापुरते पाहता या इतिहासाची सुरुवात १८९६ च्या प्लेगपासून करावी लागते. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढील काही महिन्यांत शहरातील लाखो लोक गावाकडे निघून गेले. याच पार्श्वभूमीवर फेब्रुवारी १८९७ मध्ये ब्रिटिश सरकारने साथरोग अधिनियम संमत केला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. प्रवाशांची तपासणी, संशयितांना वेगळे ठेवणे आणि आवश्यक ते निर्बंध लादणे यांसाठी त्याने शासनाला व्यापक अधिकार दिले. पुण्यात या अधिकारांचा वापर कसा झाला आणि त्यातून २२ जून १८९७ ची रँडवधाची घटना कशी घडली, हे सर्वज्ञात आहे.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने याच १८९७ च्या कायद्याचा आधार घेतला आणि पाठोपाठ राज्यातील शाळा बंद झाल्या. एकोणिसाव्या शतकातील या कायद्यात लोकांना थांबविण्याची तरतूद होती. थांबलेल्या मुलांच्या शिक्षणाविषयी त्यात एक शब्दही नव्हता. शाळा बंद करण्याची व्यवस्था अशा रीतीने तयार होती, बंद शाळेच्या मुलांना शिकविण्याची व्यवस्था मात्र नव्याने उभारावी लागली.

शिकागोची रेडिओशाळा

१९३७ च्या उन्हाळ्याअखेर शिकागो शहरात पोलिओची साथ पसरली. पोलिओवर त्या वेळी लस नव्हती. ती १९५५ मध्ये उपलब्ध झाली. रोग प्रामुख्याने मुलांना होत असल्यामुळे पालकांमध्ये भीतीचे वातावरण होते. आरोग्य मंडळाने सप्टेंबरमध्ये शाळा उघडण्यास मनाई केली. त्या वेळी शहराच्या शाळांचे अधीक्षक विल्यम जॉन्सन होते. त्यांच्या कार्यालयाने स्थानिक रेडिओ केंद्रांकडे प्रक्षेपणासाठी वेळ मागितला. केंद्रांनी तो विनामूल्य दिला आणि १३ सप्टेंबर १९३७ रोजी इयत्ता तिसरी ते आठवीच्या मुलांसाठी रेडिओवरून पाठ सुरू झाले.

योजनेची आखणी बारकाईने झालेली दिसते. सोमवार, बुधवार व शुक्रवार या दिवशी सामाजिक शास्त्रे आणि विज्ञान. मंगळवार, गुरुवार व शनिवार या दिवशी इंग्रजी आणि गणित. प्रत्येक पाठ पंधरा मिनिटांचा. कोणत्या इयत्तेचा पाठ कोणत्या केंद्रावरून किती वाजता लागणार, याचे वेळापत्रक रोज सकाळी वृत्तपत्रांत छापून येत असे. दिवसाचा आरंभ सूचनांनी आणि व्यायामाने होई. पाठ रंजक व्हावा यासाठी व्यावसायिक रेडिओ कार्यक्रमांची धाटणी जाणीवपूर्वक स्वीकारण्यात आली. शिक्षकाचा उच्चार, शब्दयोजना आणि आशय यांवर लक्ष ठेवण्यासाठी प्रत्येक प्रक्षेपण दोन मुख्याध्यापक ऐकत असत. वर्गात बसलेल्या मुलांच्या चेहऱ्यावरून शिक्षकाला जे कळते, ते येथे त्याला दुसऱ्याकडून ऐकावे लागत होते.

तथापि या प्रयोगाचा खरा बोधप्रद भाग रेडिओ नसून दूरध्वनी हा आहे. रेडिओ एकाच दिशेने बोलतो. मुलाला पाठ समजला नाही तर त्याने कोणाला विचारायचे? यासाठी शाळा-प्रशासनाच्या मध्यवर्ती कार्यालयात सोळा शिक्षक दूरध्वनीवर बसविण्यात आले. पहिल्याच दिवशी हजाराहून अधिक पालकांनी विचारणा केली आणि आणखी पाच शिक्षक नेमावे लागले. दुसरी सोय गृहपाठाची होती. प्रत्येक पाठात काम दिले जाई. शाळा उघडल्यावर ते काम जमा करायचे आणि चाचणीस बसायचे, असा दंडक होता. म्हणजे मुलाची वही आज ना उद्या शिक्षकाच्या हाती पडणार होती, आणि हे मुलालाही ठाऊक होते.

मर्यादा लपून राहिल्या नाहीत. काही घरांत रेडिओ नव्हता. काही ठिकाणी प्रक्षेपण अस्पष्ट ऐकू येई. पाठाचा वेग काहींना झेपला नाही. आवाज चुकला तर तो मागे घेऊन पुन्हा ऐकण्याची सोय नव्हती. पालकांना मुलाजवळ बसावे लागे. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी तर पाठच नव्हते. ज्याला अजून वाचता येत नाही त्याला केवळ आवाजाच्या आधारे वाचायला शिकविणे कठीण, हे आयोजकांनी ओळखले असावे. हा तपशील पुढे महाराष्ट्राच्या संदर्भात फार महत्त्वाचा ठरतो. तीन आठवड्यांच्या आतच शिकागोच्या शाळा उघडल्या आणि प्रयोग संपला. एवढ्या अल्प मुदतीत त्याच्या दोषांची फार मोठी किंमत मोजावी लागली नाही, हेही नमूद केले पाहिजे.

न्यूझीलंडमध्ये १९४७-४८ च्या पोलिओ साथीत शाळा बंद झाल्या, तेव्हा त्या देशाकडे १९२२ पासून कार्यरत असलेली पत्रद्वारा शिक्षण देणारी शाळा होती. दुर्गम भागातील मुलांसाठी स्थापन झालेली ही संस्था टपालाने पाठ पाठवीत होती आणि रेडिओचाही वापर करीत होती. संकटकाळात तिचा अनुभव देशाच्या कामी आला. संकटापूर्वीच अशी संस्था जिवंत असणे किती मोलाचे, हे यावरून ध्यानात येते.

महाराष्ट्र : पाठ पोहोचला, पण कोठवर?

या दृष्टीने महाराष्ट्राची एक उणीव ठळकपणे जाणवते. पुण्यात १९८४ पासून ‘बालचित्रवाणी’ ही शैक्षणिक कार्यक्रमांची निर्मिती करणारी संस्था होती. दूरदर्शनवरील तिचे कार्यक्रम पाहत राज्यातील एक पिढी वाढली. निधीअभावी खंगत गेलेली ही संस्था २०१७ मध्ये बंद करण्यात आली. त्यानंतर तीनच वर्षांनी राज्याला दूरचित्रवाणीवरून शिकविण्याची निकड भासली. याला दुर्दैव म्हणण्यापेक्षा धोरणातील अदूरदृष्टी म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

मार्च २०२० मध्ये दहावीची परीक्षा चालू होती. २३ मार्चचा भूगोलाचा पेपर पुढे ढकलला गेला आणि अखेरीस रद्दच झाला. एप्रिलमध्ये राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला सुरू केली. दररोजचा अभ्यास व्हॉट्सॲपवरून अधिकारी ते शिक्षक आणि शिक्षक ते पालक असा उतरत जाई. त्यातील दुवे ‘दीक्षा’ या मंचावरील चित्रफितींकडे नेत असत. २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीसाठीची मालिका सुरू झाली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने ‘बालभारती’च्या पाठ्यपुस्तकांवर आधारित अशी तिची निर्मिती केली होती. घरातील व परिसरातील वस्तू घेऊन करता येतील अशा कृतींवर तिचा भर होता. रेडिओच्या जागी दूरचित्रवाणी आणि वृत्तपत्रातील वेळापत्रकाच्या जागी व्हॉट्सॲपचा संदेश एवढा बदल सोडला, तर ही शिकागोचीच आखणी होती.

प्रश्न पोहोचण्याचा होता. सप्टेंबर २०२० मध्ये ‘असर’ने देशाच्या ग्रामीण भागात दूरध्वनीवरून पाहणी केली. शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे अशांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२० मध्ये ६१.८ टक्के झाले. अनेक कुटुंबांनी टाळेबंदीनंतर, उत्पन्न थांबले असताना, फोन विकत घेतला. तरीही पाहणीच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून काही ना काही अभ्यास मिळालेली मुले सुमारे एक-तृतीयांशच होती. याउलट चालू इयत्तेची पाठ्यपुस्तके ८० टक्क्यांहून अधिक मुलांकडे होती. या दोन आकड्यांमध्ये बरेच काही दडले आहे. सर्वांत जुने साधन सर्वांत दूर पोहोचले होते. चर्चा मात्र नव्या साधनांचीच होत राहिली.

शिवाय घरात फोन असणे आणि तो मुलाच्या हातात असणे या दोन भिन्न बाबी आहेत. शेतावर किंवा कामावर जाणारा बाप फोन सोबत नेतो. सकाळी आलेला अभ्यास मुलाला रात्री दिसतो. घरात दोन-तीन भावंडे असतील तर फोन कोणाच्या वाट्याला प्रथम येणार, हे बहुधा वय, परीक्षा आणि क्वचित मुलगा-मुलगी या भेदावरून ठरते. एकूण टक्केवारीत हे तपशील उमटत नाहीत.

परतीचा मार्ग

अधिकृत योजनांतील रिकामी जागा ज्यांनी भरली, ते प्रामुख्याने शिक्षक आणि स्थानिक कार्यकर्ते होते. पालघर जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यात दिगंत स्वराज फाउंडेशनने ‘बोलकी शाळा’ चालविली. ध्वनिक्षेपकावरून ध्वनिमुद्रित पाठ वाजवायचे आणि अंतर राखून उघड्यावर बसलेल्या मुलांनी ते ऐकायचे, अशी तिची पद्धत होती. सोलापूरच्या नीलमनगर या श्रमिक वस्तीत आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर पाठ रंगविले. अक्षरे, पाढे, व्याकरणाचे नियम आणि आकृत्या गल्लीतून येता-जाता वाचता येऊ लागल्या. भिंतीला ना वीज लागते ना रेंज, आणि ती कोणी कामावर घेऊन जात नाही. अनेक खेड्यांत शिक्षक वस्त्यांवर गेले. कोणाच्या ओट्यावर, कोठे देवळाच्या सभामंडपात, कोठे झाडाखाली चार-सहा मुले बसवून त्यांनी वह्या तपासल्या आणि पुढील अभ्यास दिला.

या प्रयत्नांना नावीन्यपूर्ण उपक्रम म्हणून त्या वेळी प्रसिद्धी मिळाली. इतिहासाच्या दृष्टीने पाहता त्यांचे कार्य शिकागोतील दूरध्वनीवर बसलेल्या एकवीस शिक्षकांच्या कार्याशी जुळणारे आहे. मूल कोठे अडले, हे कोणीतरी त्याला विचारीत होते. फरक एवढाच की शिकागोत हे काम प्रशासनाने आधीच योजले होते. महाराष्ट्रात ते बव्हंशी व्यक्तीच्या कळकळीवर सोडले गेले. साहजिकच जेथे असा शिक्षक होता तेथे ते झाले, जेथे नव्हता तेथे झाले नाही. अनेक शिक्षकांना याच काळात सर्वेक्षण आणि तपासणी नाक्यांवरील कामेही देण्यात आली होती, हे विसरून चालणार नाही.

शासनाला ही उणीव जाणवली नव्हती असे नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘स्वाध्याय’ हा उपक्रम सुरू झाला. विद्यार्थ्याने दर आठवड्याला व्हॉट्सॲपवर प्रश्न सोडवायचे आणि उत्तर बरोबर की चूक हे त्याला तत्काळ कळायचे. एक मार्ग परत आला, परंतु तो यंत्राचा होता. उत्तर चुकले हे यंत्राने सांगितले. हातच्याचा अंक मिळवायचा राहिला म्हणून चुकले, हे सांगायला वही पाहणारा माणूस लागतो. जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा ‘सेतू अभ्यास’ राबविण्यात आला. मागील इयत्तेच्या अभ्यासाची उजळणी आणि टप्प्याटप्प्याने चाचण्या असे त्याचे स्वरूप होते. योजना योग्य होती. पण बहुसंख्य प्राथमिक शाळा तेव्हाही बंदच असल्यामुळे तोही पुन्हा फोनवरूनच पोहोचवावा लागला.

सर्वांत धाकटी मुले

शाळा टप्प्याटप्प्याने उघडल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये नववी ते बारावी, जानेवारी २०२१ मध्ये पाचवी ते आठवी. मग दुसरी लाट आणि पुन्हा बंद. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्रामीण भागात पाचवीपासूनचे आणि शहरी भागात आठवीपासूनचे वर्ग भरले. प्रत्येक वेळी वरच्या इयत्तांना प्राधान्य मिळाले. परीक्षा, बोर्ड, प्रवेश ही त्यामागील कारणे समजण्यासारखी आहेत. परंतु घरी राहून स्वतः शिकण्याची क्षमता कोणाजवळ अधिक, असा प्रश्न केला असता तर क्रम उलट लागला असता. आठवीचे मूल पाठ्यपुस्तक वाचू शकते. पहिलीच्या मुलाला ते वाचण्यासाठीच शाळा हवी असते. १९३७ मध्ये शिकागोच्या रेडिओने ज्या दोन इयत्तांना वगळले, त्यांचीच पाळी येथे सर्वांत शेवटी आली.

ग्रामीण महाराष्ट्रातील पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ रोजी उघडले, जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा बंद झाले आणि २४ जानेवारीपासून पुन्हा भरू लागले. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल वर्गात प्रथम बसले तेव्हा ते दुसरीत होते. त्याची अक्षरओळख वर्गाबाहेर, घरातील कोणाला सवड आणि अक्षर असेल तेवढीच झाली होती. २०२२ च्या उत्तरार्धात ‘असर’ने पुन्हा गावोगावी जाऊन मुलांचे वाचन तपासले, तेव्हा हेच मूल तिसरीत पोहोचले होते. देशाच्या ग्रामीण भागात दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी तिसरीची मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. २०२२ मध्ये ती २०.५ टक्के भरली.